स्कूटरच्या डिकीतला रोलर

मी एक जुनी ट्रेडमिल आहे, मित्रांनो. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गंजलेलं, कुरकुरणारं, एका बाजूला कललेलं काहीतरी आलं असेल. तसं काही नाही. माझा पट्टा धड आहे, रोलर सुळसुळीत फिरतात, दांड्यांवर धुळीचा कण नाही. दर रविवारी सकाळी मला तेलपाणी होतं. भवानीनगरच्या या कॉलनीत माझ्याइतकी निगा राखलेलं यंत्र दुसरं नसेल. आणि तरीही मागं वळून पाहिलं की मला वाईट वाटतं. का, ते सांगते. थोडं धीरानं ऐका. मी चालण्याचं यंत्र असले तरी गोष्ट सांगताना जरा रेंगाळते.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. मला मोटार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. विजेवर चालणाऱ्या माझ्या बहिणी आता बाजारात आल्या आहेत, आणि ऐकते ते खरं असेल तर त्या माणसालाच पळवतात. मी तशी नाही. एक लोखंडी चौकट, तिच्यात ओळीनं बसवलेले रोलर, त्यांच्यावरून फिरणारा काळा पट्टा आणि धरायला दोन्ही बाजूंना दांड्या, एवढाच माझा संसार. माणूस चालला की त्याच्या पायाच्या रेट्यानं पट्टा मागं सरकतो. माणूस थांबला की मीही थांबते. कुणाला घाई करायची नाही, हा माझा स्वभाव.

पहिल्यांदा मी वालचंदनगरला गेले, चिंतामण साहेबांच्या बंगल्यात. साहेब तिथल्या मोठ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांचं पोट हुद्द्याच्याही पुढं गेलं होतं. मी आले त्या दिवशी त्यांनी नवे पांढरे बूट घातले, आरशात पाहिलं आणि माझ्यावर चढले. काय तो उत्साह! पेपर वाचत चालायचे, चहा पीत चालायचे, पाहुणे आले की त्यांना बाजूला उभं करून चालून दाखवायचे. मग एक दिवस म्हणाले, "आज जरा कंटाळा आलाय, उद्यापासून." तो उद्या काही उगवला नाही. आधी माझ्या दांडीवर टॉवेल आला, मग शर्ट, मग चादरी. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई हसून म्हणायच्या, "वाळत घालायला दांडी हवीच होती. चांगली भक्कम आणलीत." मी मान खाली घालून ओल्या चादरींचं पाणी पट्ट्यावर झेलत असे. दुसरं काय करणार?

१९९४च्या पावसाळ्यात साहेब निवृत्त होऊन पुण्याला निघाले. सामानाची बांधाबांध चालू होती, तेव्हा सोमनाथ घरी आला. सोमनाथ भवानीनगरच्या साखर कारखान्यात मिलकडचा, म्हणजे ऊस पिळणाऱ्या यंत्रांकडचा, इंजिनिअर. गिअरच्या कामासाठी वालचंदनगरला त्याच्या खेपा व्हायच्या आणि साहेबांशी त्याची ओळख होती. चहा पिता पिता त्यानं चादर बाजूला करून मला पाहिलं. खाली वाकून रोलर हातानं फिरवला, कान लावून आवाज ऐकला. इतक्या वर्षांत मला कुणी असं पाहिलं नव्हतं. मग तो म्हणाला, "साहेब, ही मला देता का? आईला पाहिजे."

त्याच्या आईचं नाव अक्काबाई. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात बऱ्यापैकी सुधारला, पण पाय ओढत राहिला. बारामतीच्या डॉक्टरांनी सोमनाथला बजावून सांगितलं होतं, "या पायाला रोज चालवा. बसू देऊ नका. एकदा बसला तर मग माझ्याकडं औषध नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढं सगळं त्यावरच आहे.

टेंपोतून उतरवून मला कॉलनीतल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात ठेवलं. समोर छोटं अंगण, अंगणाच्या टोकाला पेरूचं झाड. अक्काबाई दारात खुर्चीवर बसून माझ्याकडं बघत होत्या. नजर काही प्रेमाची नव्हती.

"ह्ये काय आणलंस, सोमा? जल्मभर डोक्यावर मोळ्या घिऊन चालले, तवा कुणी मशीन दिलं न्हाय. आन आता घरात चालायला मशीन?"

"आई, रस्त्यानं चाल म्हटलं तर तू चालत न्हाईस."

"रस्त्यानं कशी चालू? परवा पडले की. आन जो त्यो इचारतोय, अक्काबाई, कुठं निघाला? काय सांगू? कुठंच न्हाय, नुसतीच पाय वडत चालतीया?"

सोमनाथ हसला. त्यानं आईला उचलल्यासारखंच करून माझ्यावर उभं केलं. अक्काबाईंनी दोन्ही दांड्या घट्ट धरल्या, डोळे मिटले आणि उजवा पाय पुढं टाकला. पट्टा जरासा सरकला. मग डावा पाय फरपटत आला. मी श्वास रोखून होते, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. सोमनाथ मागं उभा होता. त्याचा तळहात आईच्या पाठीमागं होता, पाठीला न लावता. ती कलली तरच तो लागला असता.

तसं रोज सकाळी चाललं. पावसाळ्यात साखर कारखाना बंद असतो, आतलं दुरुस्तीचं काम असतं, त्यामुळं सोमनाथला सवड होती. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत तो आईला चालवायचा. तो तळहात रोज तिथं असायचा. हळूहळू अक्काबाईंनी डोळे मिटायचं सोडलं. मग त्या चालताना बोलू लागल्या. मग तर त्यांनी एक खेळच काढला. त्यांचं गाव शेळगाव. व्हरांड्यात माझ्यावर चालत त्या मनानं गावाला निघायच्या आणि कुठवर आलो ते घरच्यांना सांगायच्या. नात साक्षी शाळेचं दप्तर भरताना विचारायची, "आजी, आज कुठंपर्यंत?" अक्काबाई म्हणायच्या, "वड्यापातूर आले. उद्या चिंचंपातूर जाते." एकदा शेळगावचे आबाजी भेटायला आले. मला बघून त्यांना हसू आवरेना. "अक्का, एवढं चालून हितंच हाय की तुमी!" अक्काबाई दांडी न सोडता म्हणाल्या, "तुमास्नी दिसत न्हाय. येशीपाशी आले मी. जरा पानी पिते आन गावात शिरते." आबाजींनी मुकाट्यानं तांब्या पुढं केला.

ते माझे सोन्याचे दिवस होते. माझ्या दांड्यांवर एकही कपडा वाळत घातला गेला नाही. सून अंजली शाळेत शिक्षिका होती, ती शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमच्या आत्यांचा पाय मशीननं आणला परत." अंजली सासूला आत्याच म्हणायची, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. दिवाळीच्या सुमारास अक्काबाई काठी न घेता स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. एक दिवस चालता चालता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सोमा, औंदा जयंतीला मी मिरवणुकीत चालणार."

चौदा एप्रिलची बाबासाहेबांची जयंती. शेळगावात विहारापासून मिरवणूक निघते, गावभर फिरते आणि परत विहाराशी येते. अक्काबाई नवी नवरी होऊन त्या गावात आल्या, तेव्हापासून त्या मिरवणुकीत चालत होत्या. पांढरं लुगडं नेसून, सगळ्यांत पुढं, नवरा ज्ञानदेव याच्या शेजारी. ज्ञानदेव गेला त्या वर्षीसुद्धा त्या चालल्या होत्या. शेजारची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती म्हणे.

"चालशील की," सोमनाथ म्हणाला. "मी हाय ना संगट. माझ्या खांद्यावर हात ठेव."

"कुणाच्या खांद्यावर हात ठिऊन न्हाय," अक्काबाई ठसक्यात म्हणाल्या. "माझ्या पायानं."

माझा पट्टा त्या दिवशी केवढ्या ऐटीत फिरला म्हणून सांगू!

मग गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलकडं नेणाऱ्या पट्ट्यावर, उसाची पहिली मोळी पडली आणि कारखान्याचा सिझन सुरू झाला. तुम्ही साखर कारखान्याच्या गावचे नसाल तर तुम्हाला हे सांगायला हवं. सिझनमध्ये कारखान्यातलं यंत्र थांबवत नाहीत. काही कुरकुरलं तर बांधा, टाका मारा, पण चालू ठेवा. ऊस तोडून दारात आलेला असतो, गाड्यांची रांग लागलेली असते, त्याला थांब म्हणता येत नाही. खरी दुरुस्ती उन्हाळ्यात, गाळप संपल्यावर. तेव्हा सगळं उघडायचं, धुवायचं, झिजलेलं बदलायचं. रीत शहाणीच आहे. पण सोमनाथच्या ती अंगात इतकी भिनली होती की घरातला गळका नळ, स्कूटरचा फुटका आरसा, खुद्द त्याची दुखरी दाढ, सगळं तो एकाच उत्तरावर टाकायचा. "सिझन संपू दे."

आता तो पहाटे जायचा आणि दमून यायचा. अक्काबाई माझ्यावर एकट्या चालू लागल्या. चालत होत्या, हे महत्त्वाचं. पाठीमागचा तळहात मात्र नव्हता.

जानेवारीतल्या एका सकाळी अंगणात नेहमीसारखी कारखान्याच्या चिमणीची काजळी पडली होती. अक्काबाई माझ्यावर होत्या. माझ्या पुढच्या रोलरमधून बरेच दिवस एक बारीक आवाज येत होता, पण तो ऐकणारा कान घरात नव्हता. एकदम कड्कन वाजलं. रोलर अडकला, पट्टा एका बाजूला सरकला आणि चौकटीला घासून कडेनं फाटत गेला.

"अंजले! अगं, ये की लवकर!"

अक्काबाई दांड्यांना लटकून उभ्या होत्या. मी त्यांना पडू दिलं नाही, मित्रांनो, एवढं समाधान मला आहे. अंजली धावत आली, तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. अक्काबाई माझ्याकडं बघून म्हणत होत्या, "ह्येला काय झालं गं? बिचारं चांगलं चालत हुतं."

संध्याकाळी सोमनाथनं मला उघडलं. पुढचा रोलर काढून उजेडात धरला. "बेअरिंग गेलंय. शाफ्टला चीर हाय. पट्टा बी बदलाय लागंल. फार काय न्हाय, लेथवर नवा शाफ्ट काढला की झाली नव्यासारखी." त्यानं रोलर गोणपाटात गुंडाळला आणि स्कूटरच्या डिकीत घातला. रोलर लांब होता, डिकीचं झाकण लागेना. म्हणून त्यानं झाकण सुतळीनं बांधलं. दुसऱ्या दिवशी माझा रोलर कारखान्यात गेला. संध्याकाळी तसाच परत आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा आला. त्यानंतर तो सोमनाथबरोबर नोकरीलाच लागला म्हणा ना. रोज जायचा, रोज यायचा, आणि मी व्हरांड्यातून ती सुतळी बघत बसायची.

आठवडाभरानं अंजलीनं विषय काढला. "अहो, बारामतीला कुणाकडं तरी देऊन टाका ना दुरुस्तीला."

"बाहेरच्याच्या हातात? त्यो कायतरी ठोकून दिल. मी करतो."

"मग धम्मदीप भावजी म्हणतायत, पुण्यात नवीन मिळते. आणून देतात."

धम्मदीप हा सोमनाथचा धाकटा भाऊ, पुण्यात बँकेत नोकरीला. नवीन म्हटल्यावर सोमनाथचा चेहरा उतरला. "अगं, मिलचा रोलर माणसापेक्षा जड असतोय, त्यो मी बसवतो. आन घरातला हा लाटण्याएवढा रोलर मला जमंना म्हणून नवीन मशीन आणली, असं सांगू कॉलनीत?"

"मग करा की लवकर."

"सिझनमधी कारखान्याची लेथ घरच्या कामाला लावायची न्हाय. आन मला तरी वेळ कुठं हाय? सिझन संपू दे."

"आत्यांच्या पायाला सिझन कळतो का?"

 बूट काढता काढता सोमनाथ बराच वेळ जमिनीकडं बघत होता. मला वाटलं, आता उठेल आणि काहीतरी ठरवेल. पण त्याचा डोळा लागला.

इकडं अक्काबाईंचं चालणं थांबलं. अंजली सकाळी त्यांना हाताला धरून अंगणात न्यायची, पण तिची शाळा सकाळची. अक्काबाईंना सुनेच्या अंगावर भार टाकायचा संकोच वाटायचा. "ऱ्हाऊ दे, तुला उशीर हुतोय," असं म्हणून त्या दाराशीच बसायच्या. आधी स्वयंपाकघरापर्यंत जाणारा पाय न्हाणीपर्यंत जायला कुरकुर करू लागला. काठी परत आली. साक्षी विचारायची, "आजी, आज कुठंपर्यंत?" अक्काबाई म्हणायच्या, "येशीपाशी बसलीया. गाडीची वाट बघतीया." साक्षीला गंमत वाटायची. मला नाही वाटायची.

मार्चमध्ये एका रविवारी धम्मदीप स्वतः आला. व्हरांड्यात माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "दादा, मी दुकानात बोलून आलोय. उद्या टेंपो सांगितला की परवा मशीन दारात. ही भंगारात देऊ."

मित्रांनो, भंगारात जायला कुणाला आवडतं? मलाही नाही. पण त्या वेळी मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, "द्या मला भंगारात! आजच्या आज द्या! पण त्या बाईला बसवू नका!"

सोमनाथ नको म्हणायच्या आत अक्काबाईच बोलल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "धम्या, तुजा बा कोयता घिऊन उसाच्या फडात राबला. त्येच्या पोरानं त्याच उसाच्या कारखान्याची मशीन जोडली. लोक साहेब म्हनत्यात त्येला. आन घरातलं मशीन त्येला जोडता येत न्हाय म्हनून बाजारातनं आणायचं? न्हाय. सोमा करंल."

"पण कधी, आई?"

"करंल. त्येला सिझन हाय."

 अंजली आत गेली आणि तिनं भांडी जरा जोरातच आदळली. आई लेकाचा मान राखत होती आणि लेक आपल्या कसबाचा. दोघांचंही बरोबर होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. दुरुस्त केली असती तरी चाललं असतं, नवी आणली असती तरी चाललं असतं. काहीच झालं नाही, तेवढंच चुकलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सोमनाथ जरा लवकर आला. अक्काबाई दारात होत्या. त्याला बघून म्हणाल्या, "सोमा, मशीन ऱ्हाऊ दे. मला नुसतं हाताला धरून त्या पेरूपातूर ने. आपली दोघं जाऊन यिऊ."

"जाऊ की," तो म्हणाला. "जरा टेकतो, आई."

तो माझ्या चौकटीच्या कडेवरच टेकला, फाटक्या पट्ट्यावर, आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली. एक बूट पायात, एक हातात. अक्काबाई काठी टेकत आत गेल्या, एका हातानं चादर ओढत आणली आणि त्याच्या अंगावर टाकली. मग परत खुर्चीत बसून पेरूकडं बघत राहिल्या. सकाळी भोंगा झाला आणि सोमनाथ गेला. पेरूची गोष्ट त्याच्या लक्षात राहिली नाही. अक्काबाईंनीही पुन्हा काढली नाही.

चौदा एप्रिलला त्या पहाटेच तयार झाल्या. पांढरं लुगडं, कपाळ स्वच्छ, केस चापून बसवलेले. जीपमधून सगळे शेळगावला गेले. सोमनाथ मागून येणार होता, कारण त्या वर्षी ऊस उदंड होता आणि गाळप संपायला तयार नव्हतं. शेळगावला काय झालं ते मी पाहिलं नाही. परत आल्यावर अंजलीनं शेजारणीला सांगितलं ते ऐकलं. मिरवणूक निघाली तेव्हा अक्काबाई काठी टेकून उठल्या. दोन पावलं टाकली. डावा पाय उचललाच नाही. आबाजी म्हणाले, "अक्का, ट्रॅक्टर हाय, ट्रॉलीत बसा, पुढंच ठेवतो तुमची खुर्ची." अक्काबाई म्हणाल्या, "बसून मिरवायला मी काय पाहुणी हाय का? तुमी व्हा पुढं." मग त्या विहाराच्या पायरीवर बसल्या. मिरवणूक गावभर फिरून परत येईपर्यंत तिथंच बसल्या होत्या. ढोल लांब लांब जाताना ऐकत होत्या म्हणे. सोमनाथ पोचला तेव्हा गुलाल झाडून लोक जेवायला बसले होते.

"काय म्हणाल्या हो मग त्यांना?" शेजारणीनं विचारलं.

"काय म्हणणार? 'जेवलास का, सोमा' म्हणाल्या," अंजलीनं सांगितलं.

मे महिन्यात सिझन संपला. दुसऱ्याच दिवशी सोमनाथनं सुतळी सोडली. त्यानं स्वतः लेथवर शाफ्ट काढला, नवीन बेअरिंग घातलं, पुण्याहून पट्टा मागवला, चौकट घासून रंगवली. झिजलेले इतर रोलरही बदलले. काम करताना तो कुणाशी बोलत नव्हता. मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही, अशी दुरुस्ती मी जन्मात पाहिली नाही. वर्कशॉपमधून निघाले तेव्हासुद्धा मी इतकी हलकी फिरत नव्हते. बोटानं ढकललं तरी पट्टा सरकत होता.

"आई, चल," तो म्हणाला. "झालं बघ."

अक्काबाईंना त्यानं माझ्यावर उभं केलं. त्यांनी दांड्या धरल्या. त्यांची पकड मला ओळखू आली, पण तिच्यात जोर नव्हता. उजवा पाय पुढं गेला. पट्टा लगेच सरकला, पूर्वीपेक्षा सहज. आणि डावा पाय त्याच्याबरोबर मागं मागं गेला, पुढं आलाच नाही. सोमनाथचा तळहात पाठीमागं होता. या वेळी तो पाठीला लागला, आणि लागलेलाच राहिला. त्यानं पुन्हा एकदा केलं. मग आणखी एकदा. मग तिला अलगद उतरवून खुर्चीत बसवलं आणि स्वतः माझ्या चौकटीच्या कडेवर बसला. त्याचं डोकं खाली गेलं ते वर येईना.

"झ्याक झालंय बग," अक्काबाई म्हणाल्या. "किती गुळगुळीत फिरतंय."

"आई, मी उशीर केला."

 अक्काबाई नाही म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी चांगला हात पुढं केला. "ऊठ. पेरूपातूर जाऊ."

ती दोघं अंगणात उतरली. अक्काबाईंचा हात सोमनाथच्या खांद्यावर होता. कुणाच्या खांद्यावर हात ठेवून नाही, असं म्हणणाऱ्या अक्काबाईंचा. एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, डाव्या पायाला बोलवायच्या, पुन्हा टाकायच्या. पेरूपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, पण ऊन झाडाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं असावं. पोचल्यावर त्यांनी बुंध्याला हात लावला. परत यायला मात्र पाय तयार होईना. शेवटी सोमनाथ आला, दारातली खुर्ची घेऊन गेला आणि झाडाखाली मांडली. तिन्हीसांजेपर्यंत दोघं तिथंच होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती दोघं पेरूपर्यंत जायची. पुढच्या सिझनलासुद्धा सोमनाथ कारखान्यातून तेवढ्यासाठी यायचा आणि परत जायचा. मिल त्याच्यावाचून चालतच होती. आधीही चालली असती. पण अक्काबाई पेरूच्या पुढं कधीच गेल्या नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक जयंतीला त्या विहाराच्या पायरीवर बसल्या. १९९८च्या पावसाळ्यात त्या गेल्या.

आता मी व्हरांड्यात एकटी असते. सोमनाथ दर रविवारी मला पुसतो, तेल घालतो, रोलर हातानं फिरवून कान लावून ऐकतो. माझ्यावर कुणी चालत नाही. साक्षी मोठी झाली आहे, तिला चालायला बाहेरचा रस्ता आवडतो. घरातला नळ गळला तर त्याच दिवशी दुरुस्त होतो. सोमनाथची आणखी एक दाढ दुखू लागली, तीसुद्धा गेल्या हिवाळ्यात, भर सिझनमध्ये काढून झाली. फक्त स्कूटरच्या डिकीच्या कडीला ती सुतळी अजून बांधलेली आहे. झाकण नीट लागतं, सुतळीचं काही काम नाही. धुताना त्यानं ती कधी सोडलेली मी पाहिली नाही.

मित्रांनो, यंत्र जपा असं सांगणं माझ्यासारखीला शोभलं असतं, आणि जपाच. बारीक आवाज आला की ऐका. पण आम्ही लोखंडाची यंत्रं आहोत, आम्ही थांबू शकतो. मी सिझनभर थांबले आणि नव्यासारखी झाले. अक्काबाईंना तसं थांबता आलं नाही. म्हणून तुमच्या घरात एखादं यंत्र मोडलं, तर ते दुरुस्त करायचं की नवं आणायचं हे सावकाश ठरवा, वाटल्यास भांडून ठरवा. पण त्या दिवसांत घरातलं कुणी म्हातारं माणूस तुम्हाला म्हणालं, की मला नुसतं त्या झाडापर्यंत ने, तर टेकू नका. आधी त्यांचा हात धरा आणि निघा.